ड्रॉइंग शीटच्या एका तावात तीन मजली कागदी केक

आपल्याइकडे खेड्यात क्रीमचा केक म्हणजे तालुक्याहून आणा लागते, अन एप्रिल-मेच्या उन्हात एसटीतून घरी येईपर्यंत त्याचा पार लगदा होते. अंगणवाडीतल्या लेकराचा वाढदिवस असो का सातवीच्या पोट्ट्यांचा निरोप समारंभ, टेबलावर मांडायला ओरिगामीचा, म्हणजे कागदाच्या घड्यांचा, केक लय भारी दिसते अन खाली खाऊही लपवता येते. थर्माकोलच्या भानगडीत पडू नका, ते चुरा होऊन घरभर उडत राहते.

जनरल स्टोअर्समधून ड्रॉइंग शीटचा एक रंगीत ताव आणा, साधारण २२ बाय २८ इंच येते. चकचकीत नको, घडीवर तडकते. आता २८ इंची बाजूवर १६ इंचाला खूण करून आडवा कापा, त्या तुकड्यातून १६ इंचाचा चौरस निघते, अन जो १२ बाय २२ चा पट्टा उरला त्यातून १२ चा एक अन ८ चा एक, म्हणजे तिन्ही थर एकाच तावात! ताव कमी भरला तर १५, ११, ७ घ्या, पण चौरस म्हणजे चौरसच पाहिजे. दोन्ही तिरप्या रेषा पट्टीने मोजा, सारख्या आल्या तरच पुढं जा, कारण इथं थोडंही चुकलं तर डबा वाकडा उभा राहते अन मंग कितीही सजवा, नजर तिथंच जाते.

थर म्हणजे उलटा ठेवलेला मासू डबा. मासू हे जपानात पूर्वी तांदूळ मोजायचं लाकडी चौकोनी माप, आपली पायली समजा.

रंगीत बाजू खाली ठेवा. मधोमध आडवी घडी घाला, उघडा, मंग उभी घाला, उघडा. चारही कोपरे मध्यावर आणून दाबा. जो छोटा चौकोन झाला त्याच्या समोरासमोरच्या दोन कडा मध्यापर्यंत दुमडा अन उघडा, उरलेल्या दोन कडांचंही तसंच. शाई संपलेल्या पेनाने पट्टी धरून आधी घडीची रेघ ओढली तर जाड कागदही सुतात दुमडते, हे सोडू नका. आता समोरासमोरचे दोन कोपरे पूर्ण उघडा, बाकीचे दोन आतच राहू द्या, त्या बाजूंच्या भिंती उभ्या करा. उघड्या टोकाकडे भिंतींच्या कडा आत ढकलल्या की ते टोक आपोआप वर येते, ते भिंतीवरून आत घेऊन मध्यावर टेकवा. दुसरीकडंही तेच. पहिल्यांदा इथंच अडते, म्हणून आधी वहीच्या कागदाचा चौरस कापून एकदा करून पाहा, हाताला समजलं की झालं.

१६ इंचातून साधारण साडेपाच इंचाचा थर होते, १२ मधून सव्वाचारचा, ८ मधून पावणेतीनचा. उंची रुंदीच्या अर्धी. डबे पालथे करून एकावर एक ठेवा. आतली टोकं उसळत असतील तर मधात टेपचा एक तुकडा लावा, भिंतींना गोंद लावू नका.

क्रीमसाठी पांढऱ्या कागदाच्या एक इंची पट्ट्या, एकदा इकडे एकदा तिकडे बारीक घड्या घालून, थराच्या बुडाशी फिरवा. थराच्या घेराच्या दीडपट-दुप्पट लांबी लागते, पट्ट्या जोडत जा. मेणबत्ती उरलेल्या कागदाची सुरळी करून बनवा, खरी लावू नका, सगळा कागदच आहे. फुलं दोन-चारच बस, जास्त झाली की घड्यांची धार दिसत नाही अन मला तर ती धारच आवडते.

खालच्या थरात संत्रा बर्फी नाहीतर चॉकलेटं ठेवा, त्यानं पंख्याच्या हवेनं केक सरकत नाही, अन लेकरं आधी तिकडंच धावतात. कार्यक्रम झाला की टेप अन पट्ट्या काढून डबे उघडा, सपाट करून मोठ्या वहीखाली ठेवून द्या, पुढच्या वाढदिवसाला त्याच घड्यांवर पुन्हा उभे राहतात.