संवेग समजून घ्यायचाय? कॅरम बोर्ड काढा

लासलगावला कांदा घेऊन निघालेला ट्रॅक्टर ताशी 10.8 किमीने चाललाय. भरलेल्या ट्रॉलीसकट त्याचं वस्तुमान 5,000 किलो धरा. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, पण वेग मीटर प्रति सेकंदात हवा. म्हणून आधी 3.6 ने भागा. वेग आला 3, संवेग 15,000 किग्रॅ मी/से. त्याला ओलांडून ताशी 36 किमीने गेलेली स्कूटर स्वारासकट 150 किलोची असेल, तर तिचा संवेग जेमतेम 1,500. भागायचं विसरणं ही नेहमीची चूक.

आता बोर्डावर पावडर सगळीकडे सारखी पसरा.

आधी सोंगटीनेच सोंगटीला मारा, नेम अगदी मध्यावर. मारलेली जवळजवळ जागीच थांबते आणि समोरची निघते. नेम तिरका लागला तर दोघी दोन दिशांना जातात, तो प्रयत्न सोडून द्या.

मग 15 ग्रॅमचा स्ट्रायकर आणि 5 ग्रॅमची सोंगटी घ्या. दोन्ही एकमेकांना टेकवून ठेवा आणि पेन्सिलीने दोन्हींच्या जागा आखा, कारण अंतर इथूनच मोजायचंय. स्ट्रायकर मागे घेऊन हलकेच मारा. सोंगटी कडेला आपटली तर मोजमाप बाद.

अंतर म्हणजे वेग नव्हे. घर्षण सारखं असेल तर अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून वर्गमूळ काढा. आदर्श, म्हणजे ऊर्जा अजिबात वाया न जाणाऱ्या टकरीत स्ट्रायकरचा वेग निम्मा होतो आणि सोंगटीला त्याच्या मूळच्या दीडपट वेग मिळतो. मूळचा वेग 1 धरला तर 15 × 0.5 + 5 × 1.5 = 15, जेवढा आधी होता तेवढाच. टकरीनंतर सोंगटीचा वेग स्ट्रायकरच्या तिप्पट, म्हणजे अंतर नऊपट. तुमच्याकडे बहुधा कमी येईल. ‘टक्’ आवाजात आणि उष्णतेत ऊर्जा जाते, शिवाय लाकडी सोंगटी आणि गुळगुळीत स्ट्रायकर यांचं घर्षण वेगळं असतं. टकरीत ऊर्जा घटली, तरी एकूण संवेग घटत नाही. गफलत होते ती इथेच.

शेवटी चिन्ह. सोंगटी कडेवर 100 सेंमी/से वेगाने आपटून 80 ने परतली, तर संवेगातला बदल 500 वजा 400 नाही. दिशा उलटली, म्हणून परतीचा संवेग उणे 400, म्हणून बदल 900 ग्रॅम सेंमी/से. तेवढा संवेग बोर्डाला मिळतो. टेबल गुळगुळीत असेल आणि बोर्ड कुणी धरला नसेल, तर जोराच्या फटक्याला तो सरकलेलाही दिसेल.