कामातील कौशल्य आणि मेहनत : ख्रिस्ती कामगाराने टाळावयाच्या चुका

मराठवाड्यातील मंडळ्यांमध्ये रविवारच्या उपासनेला येणाऱ्यांत आज वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांतील ऑपरेटर असतात, जालन्याच्या रोलिंग मिलमधील कामगार असतात, खासगी दवाखान्यांतील परिचारिका, गवंडी, शिवणकाम करणाऱ्या महिला, शिक्षक आणि चार-दोन एकरांत कापूस-तूर घेणारे शेतकरीही असतात. प्रार्थना कशी करावी हे यांतील बहुतेकांना कोणी ना कोणी शिकवलेले असते. हातातले काम अधिक चांगले कसे करावे, हा विषय मात्र उपदेशात क्वचितच निघतो आणि निघाला तरी ‘मन लावून काम करा’ या सल्ल्यावर थांबतो. मन लावून काम करणारी माणसेही वर्षानुवर्षे त्याच जागी, त्याच पगारावर आणि त्याच चुकांसह अडकून राहिलेली दिसतात. त्यांची अडचण श्रद्धेची नसते आणि आळसाचीही नसते. ती बहुधा पुढे सांगितलेल्यांपैकी एखाद्या समजुतीत दडलेली असते.

देवाचे काम आणि पोटाचे काम अशी वाटणी करणे

बाकीच्या बऱ्याच चुका या एका समजुतीतून निघतात. उपासना, गायन, सुवार्ता ही देवाची कामे आणि लेथ, शिलाई यंत्र किंवा वॉर्डातील रात्रपाळी ही केवळ संसारासाठीची, असे एकदा मनात बसले की दुसऱ्या प्रकारच्या कामात जेमतेम चालेल एवढेच करण्याची सवय लागते. मग मेळाव्यासाठी न सांगता सुट्टी घेतली जाते, पाळी बदलताना पुढच्या परिचारिकेला रुग्णांची माहिती नीट दिली जात नाही, यंत्र चालू असताना कानात प्रवचन सुरू असते, आणि यात काही वावगे आहे असे वाटतही नाही.

पवित्र शास्त्र ही वाटणी मान्य करीत नाही. निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात ज्याला देवाने आपल्या आत्म्याने भरले असे सांगितले आहे, तो बसालेल याजक नव्हता आणि संदेष्टाही नव्हता. सोने, रुपे व पितळ घडवणारा, रत्ने कोंदणात बसवणारा आणि लाकडावर कोरीव काम करणारा तो कारागीर होता. यशयाच्या २८ व्या अध्यायातील शेतकऱ्याचे वर्णन तर आपल्याकडच्या खळ्यावर वाचून दाखवावे असे आहे. तो सदानकदा नांगरत बसत नाही. जमीन सपाट झाली की पेरणीकडे वळतो, प्रत्येक धान्य त्याच्या जागी पेरतो, जिऱ्यावरून मळणीच्या गाड्याचे चाक फिरवीत नाही तर ते काठीने झोडून काढतो, आणि हे ज्ञान त्याला देवाकडून मिळते, असे संदेष्टा स्पष्ट म्हणतो. तूर बडवून काढायची आणि ज्वारीच्या कणसांवर बैलांची पात फिरवायची, हा फरक जाणणारे आपले आजोबा-पणजोबाही अशाच ज्ञानाचे धनी होते.

या चुकीवरचा उपाय रोजच्या व्यवहारातच आहे. प्रार्थनेच्या विषयांत आजारी आणि अडचणीतील माणसांच्या जोडीला स्वतःच्या कामातील एक नेमकी उणीव लिहावी, उदाहरणार्थ ‘इंजेक्शनसाठी शीर पटकन सापडत नाही’ किंवा ‘बाही जोडताना चुण्या पडतात’. उणीव लिहिली की ती शिकण्याचा विषय होते.

प्रार्थनेला तयारीची जागा देणे

पोलीस भरती, नर्सिंगची परीक्षा किंवा कंपनीतील मुलाखत यांच्या आधी उपास-प्रार्थना होतात, मंडळीत विनंती दिली जाते, आणि निवड झाली नाही की ‘प्रभूची इच्छा नव्हती’ असे म्हणून विषय मिटवला जातो. या वाक्यामागे कित्येकदा न केलेला सराव लपलेला असतो.

पारसच्या राजाच्या चाकरीत असलेल्या नहेम्याने यरुशलेमेच्या पडलेल्या तटासाठी किस्लेव महिन्यापासून निसान महिन्यापर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने प्रार्थना केली. त्यानंतर राजाने ‘तुला काय हवे’ असे विचारले तेव्हा मनातल्या मनात पुन्हा प्रार्थना करून त्याने जे मागितले ते हिशेबी होते : जाण्या-येण्याची मुदत, वाटेतील अधिकाऱ्यांच्या नावे पत्रे आणि वेशींच्या तुळयांकरिता राजाच्या वनरक्षकाकडून लाकूड. शहरात पोहोचल्यावर त्याने रात्री फिरून पडलेल्या तटाची स्वतः पाहणी केली आणि मगच लोकांशी बोलला. तट ५२ दिवसांत उभा राहिला. ते चार महिने तो नुसता गुडघे टेकून बसला असता, तर लाकडाची आठवण ऐनवेळी झाली नसती.

तास मोजणे, पण हात न सुधारणे

मेहनतीविषयीचा आपल्याकडचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे अधिक तास म्हणजे अधिक मेहनत. ओव्हरटाइम करणारा, घामाघूम झालेला माणूस कष्टाळू ठरतो आणि तासाभरात तेच काम नेटके उरकून पुढचे ड्रॉइंग वाचत बसलेला माणूस कामचुकार वाटतो. उपदेशक ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात याच्या उलट सांगितले आहे : लोखंड बोथट झाले आणि त्याला धार लावली नाही, तर अधिक जोर लावावा लागतो. उसाच्या फडात कोयत्याला कानस मारण्यासाठी थांबणारा माणूस वेळ वाया घालवतो, असे कोणताही ऊसतोड कामगार म्हणणार नाही. कारखान्यात आणि कार्यालयात मात्र आपण हे विसरतो.

एकच काम पाच-सहा वर्षे करूनही हात का सुधारत नाही, याचे उत्तर बहुधा असे असते की काम पुष्कळ झाले, पण चुकांची नोंद कधीच झाली नाही. लेथवर काम करणाऱ्या टर्नरचे उदाहरण घ्यावे. माप चुकून जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, बाद झाला की तो भंगारात टाकून पुढचा लावला जातो. त्याऐवजी एका साध्या वहीत प्रत्येक बाद जॉबचे माप, वेळ, वापरलेले टूल आणि मोजण्याचे साधन लिहीत गेल्यास पंधरवड्यात कारण उघडे पडू लागते. पाळीच्या शेवटी बाहेरचा व्यास वाढत जात असेल तर टूल झिजत आहे. जॉब यंत्रावरून उतरताच मोजला तेव्हा बरोबर होता आणि तासाभराने लहान भरला, तर तो गरम असताना मोजला गेला आहे. १०० मिलिमीटर लांबीचा पोलादी तुकडा २० अंश सेल्सिअसने तापला की सुमारे ०.०२ मिलिमीटरने लांबतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही. दोन माणसांच्या मापांत सतत तफावत येत असेल, तर एकाने ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचणारा व्हर्नियर घेतला आहे आणि दुसऱ्याने ०.०१ मिलिमीटरचा मायक्रोमीटर, असेही निघू शकते. यांपैकी कोणतीही गोष्ट अधिक जोर लावून सुधारणारी नाही.

हीच पद्धत शिवणकामाला, हिशेब लिहिण्याला आणि शिकवण्यालाही लागू पडते. कोणत्या मापाचा ब्लाउज परत येतो, कोणत्या धड्यावर वर्ग गप्प बसतो, महिनाअखेरचा ताळेबंद नेहमी कोणत्या खात्यावर अडतो, हे लिहून ठेवणारा माणूस वर्षभरात इतका पुढे जातो की लोक त्याला उपजत हुशार समजू लागतात.

दिसणाऱ्या बाजूपुरते काम करणे

अस्सल हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटून पाहिला तरी नक्षी तशीच दिसते, म्हणून जाणकार ग्राहक पैठणी हाती घेतली की आधी मागची बाजू बघतो. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने तोंडदेखल्या चाकरीचा निषेध करताना नेमकी हीच मागची बाजू मागितली आहे.

बांधकामात ही चूक सर्वांत महाग पडते. साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओलावा मिळाला पाहिजे, असे भारतीय मानक सांगते. आपल्याकडे टँकरचे पाणी विकत घ्यावे लागते म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशीच पाणी मारणे थांबते, वरून गिलावा होतो आणि मालकाला काही कळत नाही. पाणी खरोखर कमी असेल तर ओली गोणपाटे गुंडाळावीत, स्लॅबवर मातीचे वाफे करून त्यांत पाणी साठवावे, प्लास्टिकचे आच्छादन घालावे. आणि एवढेही जमणार नसेल तर मालकाला तसे आधीच सांगावे. घराच्या धाब्याला कठडा बांध, नाही तर कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष तुझ्या घराला लागेल, ही पवित्र शास्त्रातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायातील आज्ञा बांधकामाचा नियम शेजाऱ्यावरील प्रेमाच्या पंगतीला नेऊन बसवते.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील जी घरे कोसळली, ती बहुतांशी मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची आणि वर जड माळवद, म्हणजे मातीचे छप्पर, असलेली होती. ती बांधणारे गवंडी आळशी नव्हते किंवा लबाडही नव्हते. परंपरेने जे शिकवले ते त्यांनी कष्टाने केले होते. भिंतीच्या दोन्ही अंगांना एकत्र बांधणारे आरपार दगड, कोपऱ्यांची घट्ट सांधणी आणि चारही भिंतींना कवेत घेणारा आडवा पट्टा या गोष्टी भूकंपानंतरच्या प्रशिक्षणात शिकवल्या गेल्या. प्रामाणिक मेहनतीला योग्य ज्ञानाची जोड नसेल तर प्राण जाऊ शकतात. म्हणून शिकणे टाळणे हा निव्वळ प्रगतीचा प्रश्न आहे, असे समजू नये.

चूक दाखवणाऱ्याला शत्रू समजणे

उपासनेत साक्षीच्या, म्हणजे आपला अनुभव सांगण्याच्या, वेळी कधीकधी ऐकू येते की ‘साहेब माझा छळ करतो, मी ख्रिस्ती आहे म्हणून.’ हे खरे असू शकते. धर्म आणि जात पाहून वागणूक देणारी माणसे आपल्या भागात आहेत आणि त्यांच्याविरुद्ध दाद मागणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. मात्र अशी साक्ष देण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : हेच काम दुसऱ्या कोणी असेच केले असते, तर त्याला बोलणी बसली असती काय? उत्तर ‘हो’ असेल, तर तो छळ नव्हे. आपल्या चुकीबद्दल मार खाल्ला आणि तो सोसला तर त्यात कसली वाहवा, असे पेत्र आपल्या पहिल्या पत्रात स्पष्टच विचारतो.

पहिल्या मंडळीच्या काळातील उपदेशक अपुल्लोस याचे उदाहरण अधिक उपयोगी आहे. तो विद्वान होता, शास्त्रांत पारंगत होता आणि सभास्थानात निर्भयपणे बोलत होता. तरीही राहुट्या करण्याचा धंदा करणाऱ्या प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने त्याला आपल्याकडे नेऊन अधिक नीट समजावून सांगितले आणि त्याने ते ऐकले. पदवीधर अभियंत्याने जुन्या फिटरकडून आणि नव्या डॉक्टरने अनुभवी परिचारिकेकडून शिकताना एवढी कथा आठवली तरी पुरे. सुधारणा ऐकताना तीन वाक्ये टाळावीत : ‘मला कोणी सांगितलेच नाही’, ‘सगळे असेच करतात’ आणि ‘यंत्रच खराब आहे’. तिसरे वाक्य खरे असल्यास ते पाळी सुरू होण्याआधी सांगायचे असते.

विश्रांती वगळणे

सहा दिवस श्रम कर आणि सातव्या दिवशी विसावा घे, ही एकच आज्ञा आहे. तिचा पहिला अर्धा भाग पाळून दुसरा टाकता येत नाही. सलग दुहेरी पाळी करून प्रेसवर हात घालणारा माणूस मेहनतीचा आदर्श नसून अपघाताच्या वाटेवर असतो. रविवारी पाळी टळत नसेल तर आठवड्यातील दुसरा दिवस ठरवावा आणि तो मंडळीच्या कार्यक्रमांनीही भरून टाकू नये.

मेहनतीचा उपदेश चुकीच्या माणसाला करणे

ही चूक कामगाराची नसून पाळकांची आणि वडीलधाऱ्यांची आहे. बीड, जालना आणि धाराशिवच्या गावांतून दर हंगामाला पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे जाणारी ऊसतोड जोडपी मुकादमाकडून उचल घेतात, दोघे मिळून एक ‘कोयता’ म्हणून मोजले जातात, टनावर मजुरी घेतात आणि आजारपणाचा दिवसही खाडा म्हणून कापला जातो. पहाटे अंधारात फडात उतरणाऱ्या या माणसांना अधिक मेहनत करा असे सांगणे क्रूरपणाचे आहे. ‘प्रभूसाठी म्हणून करा’ हे पौलाचे शब्द मुळात दासांना लिहिलेले आहेत हे खरे, पण लगेच पुढे तो धन्यांना न्यायाने व समभावाने वागण्याची आज्ञा देतो; आणि कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, असे याकोबाने म्हटले आहे. अशा कुटुंबाला मंडळीने करावयाची मदत म्हणजे उचलीचा हिशेब लिहून ठेवायला शिकवणे, हंगामात गावी राहणाऱ्या मुलांच्या जेवणाची व शाळेची सोय पाहणे आणि पावसाळ्याच्या मोकळ्या महिन्यांत दुसरे एखादे कौशल्य मिळवून देणे.

आपल्याजवळचे ज्ञान दडवून ठेवणे

दुसऱ्याला शिकवले तर आपली जागा जाईल, या भीतीने अनेक निष्णात मिस्त्री महत्त्वाचा भाग मदतनीस चहाला गेल्यावर करतात. बसालेल आणि त्याचा जोडीदार अहलियाब यांना देवाने कलाकुसरीबरोबर दुसऱ्यांना शिकवण्याची प्रेरणाही दिली, असे निर्गमाच्या ३५ व्या अध्यायात लिहिले आहे. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तेव्हापासून उपासनेबरोबर उपजीविकेचाही विचार या भागातील मंडळ्यांना नवा नाही. बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेडात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात गावातील, बहुधा निरक्षर असलेल्या महिलांना आरोग्याचे काम शिकवले गेले. एकदाच शिबिर घेऊन त्यांना सोडून दिले नाही. त्या पुन्हा पुन्हा प्रशिक्षणाला येत राहिल्या आणि गावातील अडचणी घेऊन आपसांतही शिकत राहिल्या. या कामासाठी आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ज्या मंडळीत दोन-तीन अनुभवी टर्नर, एखादी परिचारिका आणि एखादा चांगला गवंडी आहे, तिला शिकवणीसाठी बाहेरून कोणाला आणण्याची गरज नाही. आठवड्यातील एक संध्याकाळ ठरवावी, गट पाच-सहा जणांपेक्षा मोठा करू नये आणि पहिल्या महिन्यात एकच गोष्ट घ्यावी : टर्नरच्या गटात व्हर्नियर वाचणे, गवंड्याच्या गटात ओळंबा आणि गुण्या वापरणे, परिचारिकेच्या गटात पाळी बदलताना द्यायच्या माहितीची यादी. प्रत्येकाने आठवडाभरात झालेली एक चूक वहीत लिहून आणावी आणि पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच वह्यांपासून करावी.