पणजीत राहून पोर्तुगीज शिकताना

पोर्तुगीज शिकण्यासाठी महाराष्ट्रातून पणजीला येणाऱ्याने खोली शक्यतो पावसाळा ओसरण्यापूर्वीच ठरवावी, कारण ऑक्टोबरपासून पर्यटकांचा हंगाम सुरू झाला की किनाऱ्यालगतची भाडी चढतात आणि मालक महिन्यापेक्षा दिवसाच्या हिशेबाने बोलू लागतात. गोवा विद्यापीठात शिकायचे असल्यास ताळगाव किंवा दोनापावला सोयीचे पडते. समुद्र दिसणाऱ्या खिडकीसाठी जास्त पैसे मोजू नयेत. जूनमध्ये त्याच खिडकीतून पाऊस आत येतो, कपाटातल्या वह्यांना बुरशी धरते आणि दाराची कडी गंजते. करारनामा लेखी करून भाडेकरू पडताळणीचा अर्ज पोलीस ठाण्यात दिल्याची खात्री करावी.

सकाळी भोंगा वाजवत येणाऱ्या पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पोळी मागितली तर पाव मिळेल, हे आधीच लक्षात ठेवावे. गोव्यात कोंड्याच्या पावाला पोळी किंवा पोई म्हणतात. हा ‘पाव’ मूळचा पोर्तुगीज ‘पांव’च. साबण, चावी, बटाटा, अननस हे शब्दही त्याच वाटेने आपल्याकडे आले असल्याने अशा शब्दांची एक वेगळी वही करावी. पाठांतराचे ओझे बरेच हलके होते. अनुनासिक स्वर मात्र वहीतून येत नाहीत. त्यासाठी फोंताइन्यास या पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीतल्या एखाद्या वयस्कर शेजाऱ्याशी ओळख वाढवावी, पण दुपारी एक ते चार या वेळेत त्यांचे दार वाजवू नये.