आधी मुलाचा मंगळवार लिहा: सामायिक ताब्यासाठी कोर्टात जाण्याआधीची तयारी

वकिलाची वेळ घेण्याआधी एक कोरी वही घ्या आणि तुमच्या मुलाचा एक साधा मंगळवार लिहून काढा. मूल किती वाजता उठतं, डबा कोण भरतं, शाळेच्या गाडीपर्यंत कोण सोडतं, दुपारी परत आल्यावर दार कोण उघडतं, अभ्यासाला शेजारी कोण बसतं, झोपताना कोणाचा हात लागतो. मग तोच दिवस दोन घरांत बसवून पाहा. यादीत हे मी सगळ्यात वर ठेवते, कारण मी स्वतः उलट्या टोकाने सुरुवात केली होती. माझ्या पहिल्या फायलीत मुलीच्या वडिलांबद्दल अकरा पानं होती आणि मुलगी शाळेतून किती वाजता सुटते हे कुठेच नव्हतं. समुपदेशक बाईंनी फाईल चाळली, मिटली आणि विचारलं, "तिचा दिवस कसा जातो?" मी चाचपडायला लागले. तिचा दिवस मला पाठ होता, पण कोर्टात तो सांगायचा असतो हे कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढची सगळी तयारी त्या वहीतून निघते, पण आधी शब्द नीट समजून घ्या. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने कायदेशीर निर्णय घेण्याचा अधिकार. ताबा म्हणजे मूल प्रत्यक्ष कोणाजवळ राहतं ते. आणि कोर्टाच्या आवारात ज्याला सगळे 'ॲक्सेस' म्हणतात, तो ताबा नसलेल्या पालकाचा मुलाबरोबरचा ठरलेला वेळ. 'सामायिक ताबा' हा शब्द १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात नाही आणि १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातही नाही. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात तो कायद्यात आणावा अशी शिफारस केली होती. तशी दुरुस्ती झाली नाही, तरी न्यायालयं असे आदेश देतात. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका मुलासाठी जानेवारी ते जून वडिलांकडे आणि जुलै ते डिसेंबर आईकडे अशी वाटणी करून दिली होती. लहान मुलाला आईपासून किंवा बाबांपासून सहा महिने लांब ठेवणं मला फार वाटतं. आमच्याकडे आठवड्याची वाटणी आहे. पण तयार नमुना कायद्यात नसल्यामुळे आराखडा तुम्हालाच न्यावा लागतो, हे लक्षात ठेवा. न्यायाधीश तो तपासतील, बदलायला सांगतील, पण कोऱ्या कागदावरून तुमच्या घराचं वेळापत्रक आखून देण्याइतकी सवड त्यांच्या बोर्डावर, म्हणजे रोजच्या खटल्यांच्या यादीत, नसते.

कोर्ट कोणतं हे दोन गोष्टींवर ठरतं. घटस्फोटाचा दावा चालू असेल, तर त्याच दाव्यात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलासाठी अर्ज करता येतो. लग्न विशेष विवाह कायद्याखाली नोंदलेलं असेल, तर कलम ३८ आहे. दावा नसेल, तर पालक व पाल्य कायदा सगळ्या धर्मांच्या लोकांना खुला आहे आणि तो अर्ज मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या न्यायालयात जातो. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत १९८४ च्या कायद्याने आलेलं कौटुंबिक न्यायालय आहे. जिथे ते नाही तिथे जिल्हा न्यायालय. मूल तिथेच राहतं हे दाखवायला शाळेचा बोनाफाईड दाखला जवळ ठेवा. भांडण पेटल्यावर मुलाला रातोरात दुसऱ्या गावी नेऊन तिथल्या कोर्टात अर्ज टाकायचा सल्ला कोणी देईल. तो कृपा करून ऐकू नका. मुलाची शाळा, मित्र, गादी सगळं एका रात्रीत सुटतं, आणि पुढे 'ती हलवाहलव का केली' याचंच उत्तर तुम्हाला वर्षभर देत बसावं लागतं.

वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पुरुषांना साधारणपणे उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. कौटुंबिक न्यायालयात वकील देणं हा पक्षकाराचा आपोआप मिळणारा हक्क नाही, त्यासाठी परवानगीचा अर्ज द्यावा लागतो. त्यामुळे वकील असला तरी स्वतःला बोलावं लागेल या तयारीने जा.

पुढे वाचण्याआधी एक प्रश्न मात्र स्वतःला विचारा. घरात मारहाण, धमक्या किंवा मुलाशी गैरवर्तन झालं असेल, तर सामायिक ताब्याची ही यादी तुमच्यासाठी नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि भेट मुलाला घातक ठरेल असं वाटलं तर ती नाकारतात. त्यासाठी महिला हेल्पलाईन १८१ आणि मुलांसाठी १०९८ आहे. 'मुलाला दोघेही हवेत' हे वाक्य ऐकवून कोणी तुम्हाला अशा वेळी तडजोडीवर सही करायला लावत असेल, तर सही करू नका.

कागदांचं फार अवघड नाही. लग्नाचा आणि मुलाच्या जन्माचा दाखला, आधार, शाळेचा दाखला, प्रगतिपुस्तकं, फीच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांची फाईल, दोघांच्या राहत्या घराचे पुरावे. पोटगीचा प्रश्न असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निर्देशांप्रमाणे मिळकत आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागतं. त्यासाठी पगाराच्या स्लिपा, बँकेचे उतारे आणि आयकर विवरणपत्रं आधीच काढून ठेवा. प्रत्येकाचे तीन संच करा. अर्ज दाखल झाला की सीएनआर क्रमांक, म्हणजे तुमच्या प्रकरणाचा ओळख क्रमांक, मिळतो, तो पाठ करा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख त्यावरूनच कळते.

मग समुपदेशकांची पाळी येते. कौटुंबिक न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करावा असं कायद्याचं कलम ९ सांगतं. म्हणून पहिल्या काही तारखा विवाह समुपदेशकांकडे किंवा मध्यस्थीला जातात. पुष्कळ जण हा टप्पा उरकून टाकतात. माझ्या मते सगळं काम इथेच होतं. जाताना ती मंगळवारची वही घेऊन जा. समोरच्याचे दोष सांगायचा मोह होईल, तेव्हा 'बुधवारी चार वाजता तिला कोण आणणार' एवढंच बोला. मुलीच्या वडिलांनी तिथे पहिल्यांदा कबूल केलं की त्यांची शिफ्ट सातला सुटते. मीही पहिल्यांदा कबूल केलं की गणित मला शिकवता येत नाही, त्यांना येतं. आमच्या वेळापत्रकातले दोन वार त्या दोन वाक्यांतून निघाले.

मूल कळत्या वयाचं असेल, तर न्यायाधीश त्याच्याशी आपल्या कक्षात बोलू शकतात, आणि त्याची इच्छा विचारात घेण्याची तरतूद १८९० च्या कायद्यातच आहे. या भेटीची तयारी करून घेऊ नका. 'साहेबांना काय सांगशील?' अशी उजळणी घेतलेलं मूल चटकन ओळखू येतं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या मुलाला वाटतं की निकाल आपल्या तोंडून लागला. एवढंच सांगा: तुला जे वाटतं ते बोल, ठरवायचं काम मोठ्यांचं आहे. पाच वर्षांखालच्या मुलांबद्दल १९५६ चा कायदा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा असं म्हणतो. पण त्याच कायद्यात मुलाचं हित सगळ्यात वर ठेवलंय. म्हणून तेवढ्या लहान मुलाच्या वडिलांनी आधीच हात टेकू नयेत. थोडा वेळ, पण आठवड्यातून पुष्कळदा, अशी मागणी करावी.

आता कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांच्या सह्यांचा तडजोडनामा. इथे घाई केली ती मी. आमच्या मसुद्यात लिहिलं होतं, 'शाळेच्या सुट्यांमध्ये मूल दोन्ही पालकांकडे निम्मा-निम्मा काळ राहील.' वाचायला किती छान. पहिल्याच दिवाळीत दोघांनाही पहिला निम्मा हवा होता, कारण लक्ष्मीपूजन त्यात येत होतं. मुलगी भरलेली बॅग घेऊन दोन दिवस दारापाशी बसली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: जे वाक्य वाचल्यावर 'म्हणजे नक्की कधी?' असा प्रश्न पडतो, ते वाक्य खोडा. सम वर्षी सुटीचा पहिला भाग आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे, भाग कोणत्या दिवशी, किती वाजता बदलणार, मे महिन्याची सुटी कशी, गणपती कुठे, वाढदिवस शाळेच्या दिवशी आला तर संध्याकाळ कोणाची. हे सगळं लिहा. सुटीतल्या ॲक्सेसचा तंटा आधीच दिसत असेल, तर अर्ज सुटी लागण्याच्या महिना-दोन महिने आधी द्या, नाहीतर निर्णय होईपर्यंत शाळा सुरू होते.

मुलाला द्यायची-घ्यायची जागा विचारपूर्वक निवडा. मला शाळा सगळ्यात चांगली वाटते. सकाळी एकाने सोडायचं, दुपारी दुसऱ्याने आणायचं, म्हणजे आईबाबा फाटकात समोरासमोर उभे राहत नाहीत आणि मुलाला कोणाचा तरी हात सोडून कोणाकडे तरी चालत जावं लागत नाही. उशीर झाला तर किती वेळ थांबायचं, मूल आजारी पडलं तर बुडलेला दिवस कधी भरून द्यायचा, परीक्षेच्या आठवड्यात काय, हे एकेका ओळीत लिहून टाका. ज्या घरी मूल नाही त्या घराशी फोनवर बोलण्याची वेळ ठरवा. आईवडील वेगळे राहत असले तरी मुलाला दोघांचा सहवास मिळायला हवा आणि व्हिडिओ कॉलचीही सोय असावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका निकालात स्पष्ट सांगितलंय. आजी-आजोबांचं नावही मसुद्यात येऊ द्या. ते बहुतेक मसुद्यांत राहून जातं आणि मग मूल विचारतं.

निर्णयांचीही वाटणी लागते. शाळा बदलणं, शस्त्रक्रिया, पासपोर्ट यांना दोघांची लेखी संमती. ताप-सर्दीला ज्याच्याकडे मूल असेल तो. शाळेच्या नोंदीत दोघांचे फोन क्रमांक असावेत आणि प्रगतिपुस्तक दोघांना मिळावं, असं मसुद्यातच म्हणा. कोणी घर किंवा गाव बदलणार असेल, तर किती दिवस आधी कळवायचं तेही. परदेशी जायचं असेल, तर परतीची तारीख आणि कोर्टाची परवानगी या दोन्हींवर अडून बसा. मुलं बेकायदा परदेशी नेण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही, त्यामुळे गेलेलं मूल परत आणायचा रस्ता फार लांबचा होतो. पैसे आणि भेटी मात्र एकमेकांना बांधू नका. फी थकली म्हणून रविवार अडवला, रविवार अडवला म्हणून फी थकवली, हे एकदा सुरू झालं की मुलाला आपली किंमत कळल्यासारखं होतं.

सही करण्याआधी दोन महिने तो मसुदा जगून पाहा. कोर्टाला पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, देऊन तात्पुरती व्यवस्था सांगता येते आणि पुढची तारीख घेता येते. आमच्या पहिल्या आराखड्यात मुलगी आठवड्यात चारदा घर बदलत होती. कागदावर ते अगदी समसमान होतं. तिसऱ्या आठवड्यात तिने विचारलं, "आज मी कुठे झोपणार?" आम्ही बदल दोनदाच ठेवले. ही तालीम महत्त्वाची अशासाठी, की दोघांच्या संमतीने झालेल्या आदेशावर कौटुंबिक न्यायालय कायद्याप्रमाणे अपील होत नाही. परिस्थिती बदलली तर बदलाचा अर्ज करता येतो, कारण ताब्याचे आदेश दगडावरची रेघ नसतात असं न्यायालयं १९७० च्या दशकापासून मानत आली आहेत. तरीही दर दोन वर्षांनी दोघांनी बसून वेळापत्रक पाहायचं, असं एक कलम मसुद्यात घालाच. सात वर्षांच्या मुलीचा मंगळवार दहाव्या वर्षी तोच राहत नाही.

तारखेच्या दिवशी शक्यतो मुलाला आणू नका, बोलावलं असेल तेव्हाच आणा. सुनावणी बंद दाराआड हवी असेल तर तसं सांगा. दोघांपैकी एकाने मागितली तरी ती तशीच घ्यावी लागते. आदेश झाल्यावर नक्कल विभागात त्याच दिवशी अर्ज करा आणि प्रमाणित प्रती जास्तीच्या घ्या: दोघांना एकेक, एक पासपोर्टच्या कामासाठी, आणि शाळेला फक्त वेळापत्रकाचं पान, बाकीची पानं शाळेला लागत नाहीत.

शेवटची तयारी घरची. दात घासायचा ब्रश, झोपायचे कपडे, शाळेचा एक जोड आणि नेहमीची औषधं दोन्ही घरांत ठेवा, म्हणजे बॅगेत फक्त दप्तर आणि एखादं लाडकं खेळणं उरतं. दोन्ही घरांत एकसारखं कॅलेंडर लावा, आईकडच्या दिवसांना एक रंग, बाबांकडच्या दिवसांना दुसरा. रंग मुलालाच भरू द्या, आणि पहिल्या बदलाच्या आदल्या दिवशी ते भिंतीवर लागलेलं असू द्या.