शनिवार न मोडता ड्रॉ कसा बदलावा: सिडनीच्या शालेय रग्बीत सुधारणा

सिडनीच्या खासगी शाळांच्या रग्बीत ड्रॉ (सामन्यांचं वेळापत्रक) आणि नियम सुधारण्याचे प्रस्ताव सहसा एकाच जागी अडतात. ते फर्स्ट फिफ्टीनकडे, म्हणजे शाळेच्या पहिल्या क्रमांकाच्या संघाकडे, बघून लिहिलेले असतात, आणि मुख्याध्यापकांना मात्र त्या शनिवारी सकाळी आठपासून खेळणाऱ्या सगळ्या संघांची सोय लावायची असते. एमआयसी (शाळेत रग्बीची जबाबदारी सांभाळणारे शिक्षक), पालक किंवा माजी विद्यार्थी म्हणून तुम्ही असा प्रस्ताव तयार करत असाल, तर पुढची पद्धत उपयोगी पडेल.

या शाळांच्या दोन क्रीडा संघटना आहेत. एएजीपीएस (थोडक्यात जीपीएस) ही १८९२ सालची. किंग्ज, सिडनी ग्रामर, न्यूइंग्टन, रिव्हरव्ह्यू, सेंट जोसेफ्स, शोर, स्कॉट्स, आर्मिडेल आणि त्यांतली एकुलती एक सरकारी शाळा सिडनी बॉइज हाय अशा तिच्या नऊ शाळा. सीएएस १९२९ ची, सहा शाळांची: बार्कर, क्रॅनब्रुक, नॉक्स, सेंट अलॉयशियस, ट्रिनिटी, वेव्हर्ली. दोन्हीकडे प्रीमियरशिप साखळी सामन्यांच्या गुणांवर ठरते, अंतिम सामना नसतो. त्यामुळे दोन शाळा जेतेपद वाटून घेतात असंही होतं. ‘हे बदला’ म्हणणारे पहिलं बोट यावरच ठेवतात. माझ्या मते ही सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आहे.

आधी आकडे

मागच्या पाच मोसमांचे निकाल एका तक्त्यात भरा. फक्त फर्स्ट फिफ्टीनचे नकोत. सेकंड्स, थर्ड्स (दुसरा आणि तिसरा संघ) आणि १३ ए पासून १६ ए पर्यंतचेही घ्या (आकडा वयोगटाचा, अक्षर त्यातल्या संघाच्या क्रमाचं). प्रत्येक सामन्यापुढे गुणांचा फरक लिहा आणि दोन गोष्टी मोजा: १४ किंवा त्याहून कमी फरकाचे सामने किती, आणि ४० किंवा त्याहून जास्त फरकाचे किती. १४ म्हणजे कन्व्हर्जनसह दोन ट्राय (ट्राय म्हणजे गोलरेषेपार चेंडू टेकवणं, ५ गुण; कन्व्हर्जन म्हणजे त्यानंतरची किक, २ गुण), म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांतही निकाल फिरू शकतो. ४० च्या पुढे हरणारी मुलं फक्त टॅकल करत (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडत) राहतात आणि थकलेल्या मुलाचा टॅकल चुकतो.

हा तक्ता बहुतेक वेळा अनपेक्षित चित्र दाखवतो. एखादी शाळा वरच्या गटात सपाटून हरते, पण तिचे १४ ए आणि १५ बी बरोबरीने लढत असतात. उलटही असतं. म्हणून ‘अमुक शाळेला खाली पाठवा’ हे वाक्य प्रस्तावात कधीच लिहू नका. संघ खाली-वर जातो, शाळा जात नाही.

काय हलवायचं नाही

ब्लॉक फिक्स्चर. एका शाळेची सगळी मुलं दुसऱ्या शाळेच्या सगळ्या मुलांशी एकाच दिवशी, शक्यतो एकाच मैदानावर खेळतात, सकाळी खेळून झालेली मुलं दुपारी फर्स्ट्सना ओरडून पाठिंबा देतात. परंपरेतलं हेच खरं भांडवल आहे. ते मोडलं की एका घरातल्या दोन भावांना शहराच्या दोन टोकांना न्यावं लागतं, बसेस दुप्पट होतात, आणि १५ डी सारखे संघ दोन मोसमांत गायब होतात.

हा ब्लॉक किती भार पेलतो ते उलट्या क्रमाने मोजा. फर्स्ट्सचा किक-ऑफ सव्वातीनला धरा. सेकंड्सना ३५ मिनिटांचे दोन भाग, ५ मिनिटं विश्रांती आणि १० मिनिटं मोकळी, म्हणजे ८५ मिनिटं लागतात. त्यांची सुरुवात १.५० ला. थर्ड्स १२.२५ ला. सकाळी आठपासून तिथपर्यंत २६५ मिनिटं उरतात. लहान गटांसाठी ५५ मिनिटांचा स्लॉट ठेवला तर चार सामने आणि ४५ मिनिटांची शिल्लक. या शिल्लकीत पाचवा सामना कोंबण्याचा मोह होतो, तो टाळा. एक गंभीर दुखापत, एक रुग्णवाहिका, आणि तो अर्धा-पाऊण तास गेलेला असतो.

ड्रॉ आणि जुन्या लढती

एकाच संघटनेच्या सहा शाळा पहिल्या श्रेणीत असतील तर पाच फेऱ्या होतात. १ क्रमांक जागेवर ठेवून बाकीचे फिरवा. पहिली फेरी १-६, २-५, ३-४. दुसरी १-५, ६-४, २-३. तिसरी १-४, ५-३, ६-२. चौथी १-३, ४-२, ५-६. पाचवी १-२, ३-६, ४-५. क्रमांक चिठ्ठ्या टाकून देऊ नका. ज्या दोन शाळांची लढत शेवटच्या शनिवारी व्हावी असं सगळ्यांनाच वाटतं, त्यांना १ आणि २ द्या. दुसरी जोडी ३ आणि ६ वर बसवा. ‘आमचा जुना सामना जाईल’ ही तक्रार निम्म्याहून जास्त वेळा एवढ्यानेच मिटते.

आता मोठा प्रश्न: जीपीएस आणि सीएएस एकत्र. जीपीएसच्या नऊपैकी पहिल्या श्रेणीतल्या सहा अधिक सीएएसच्या सहा, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायला ११ शनिवार हवेत. न्यू साउथ वेल्सची शालेय टर्म साधारण दहा आठवड्यांची असते, त्यात परीक्षा आणि सराव सामने. अकरा बसत नाहीत, आणि कागदावर बसवले तरी पावसाने एक शनिवार गेला की डाव कोसळतो.

आठ शनिवार मात्र बसतात. पाच फेऱ्या आपापल्या संघटनेत. त्यावरच जुनी प्रीमियरशिप, जुना फलक, जुने रंग. मग प्रत्येक संघटनेतले वरचे तीन दुसरीकडच्या वरच्या तिघांशी आणि खालचे तीन खालच्या तिघांशी, असे क्रॉसओव्हरचे तीन सामने. या तीन सामन्यांवर वेगळी ट्रॉफी द्या. जुन्या तक्त्याला नव्या सामन्यांचा स्पर्श होऊ देऊ नका. माजी विद्यार्थ्यांचा विरोध एकत्र खेळण्याला क्वचितच असतो, फलकावरची नावं बदलण्याला असतो.

यात तीन गोष्टी बिघडतात. पाचवी फेरी संपेपर्यंत पुढचा प्रतिस्पर्धी ठरत नाही, त्यामुळे मैदानं, बसेस आणि रेफ्री ऐनवेळी जमवावे लागतात. उपाय: पाचवी फेरी टर्म दोनच्या शेवटी आणि क्रॉसओव्हर टर्म तीनच्या सुरुवातीला, मधल्या सुट्टीत व्यवस्था होते. दुसरं, यजमानपद. पहिल्या पाचांत ज्या शाळेला दोन घरचे सामने मिळाले तिला क्रॉसओव्हरमध्ये दोन, ज्यांना तीन मिळाले त्यांना एक, असं करून सगळ्यांचे चार करायचे. वरचे सगळेच ‘तीन’वाले निघाले तर हे गणित जुळत नाही, मग पुढच्या वर्षी उलट फिरवण्याचं आधीच लिहून ठेवा. तिसरं, प्रीमियरशिप खिशात पडलेली शाळा क्रॉसओव्हरला राखीव मुलं उतरवते. याला दंड चालत नाही. संघ कसा निवडायचा हे कोणी बाहेरून सांगू नये. त्याऐवजी क्रॉसओव्हरमधलं स्थान पुढच्या वर्षीच्या यजमानपदाच्या पसंतीक्रमाला जोडा.

इंग्लंडमध्ये डेली मेल ट्रॉफीने २०१३ पासून वेगळा मार्ग धरला आहे: शाळा आपल्या जुन्याच लढती खेळतात, किमान पाच सामने स्पर्धेतल्या इतर शाळांशी असले की त्यांचा गुणतक्त्यात समावेश होतो, आणि मागच्या मोसमात वर आलेल्या प्रतिस्पर्ध्याशी खेळल्याबद्दल थोडे जादा गुण मिळतात. वेळापत्रक न बदलता तक्ता तयार होतो. लांबलांबच्या शाळांना हे सोयीचं. सिडनीत, जिथे सगळे एकमेकांशी खेळू शकतात, तिथे त्याची फारशी गरज नाही.

कमजोर फर्स्ट फिफ्टीनचं काय करायचं

सिडनी ग्रामर आणि सिडनी हाय यांचे फर्स्ट फिफ्टीन पहिल्या श्रेणीतून बाहेर पडले आणि इतर शाळांच्या थर्ड फिफ्टीनच्या पातळीवर खेळू लागले. ब्लॉक तसाच राहिला, लढती मात्र जवळच्या झाल्या. नमुना म्हणून हाच वापरा.

आपोआप बढती-घसरण मात्र ठेवू नका. शाळेचा वरचा संघ दर वर्षी निम्म्याहून अधिक बदलतो. यंदाच्या निकालावरून पुढच्या वर्षीची श्रेणी ठरवणं म्हणजे निघून गेलेल्या मुलांच्या गुणांवर नव्यांना शिक्षा. त्याहून वाईट म्हणजे घसरण टाळण्यासाठी शाळा बाहेरून खेळाडू आणायला लागतात, आणि ज्या दुखण्यावर औषध म्हणून बदल केला तेच वाढतं. नियम असा लिहा: सलग दोन मोसम निम्म्याहून जास्त सामने ४० पेक्षा जास्त फरकाने हरलेला संघ खाली खेळण्याचा अर्ज करू शकतो, मंजुरी दोन वर्षांची, परत यायचं तर पुन्हा अर्ज. अर्जाचा निर्णय मोसम संपल्यावर चार आठवड्यांच्या आत, म्हणजे पुढचा ड्रॉ खोळंबत नाही.

बाहेरून आणलेले खेळाडू

वाद खरा इथे आहे. २०१८ च्या अखेरीस न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या वन-ए या वरच्या शालेय स्पर्धेतल्या दहा शाळांनी पुढच्या मोसमात सेंट केंटिगर्नशी न खेळण्याची भूमिका घेतली. कारण, दुसऱ्या शाळांतले खेळाडू तिथे दाखल झाले होते. बहिष्कार हे हत्यार शेवटचं. तिथवर पोचू नये म्हणून मोसमाआधी लिहायच्या गोष्टी अशा:

वय १ जानेवारीला मोजायचं, सगळ्या शाळांत सारखं. बारावी पुन्हा करणारा मुलगा फर्स्ट्समध्ये नाही. अकरावी-बारावीत नव्याने आलेल्या मुलाला वरच्या संघाच्या ठरावीक फेऱ्या बाहेर. आठ फेऱ्यांच्या मोसमात चार हा आकडा मला रास्त वाटतो, कारण पूर्ण मोसम बंद केला की वडिलांची बदली झालेला बोर्डरही (वसतिगृहात राहणारा मुलगा) भरडला जातो. शिवाय एका सामन्याच्या २२ जणांत असे जास्तीत जास्त दोन. शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेणाऱ्या फर्स्ट्सच्या खेळाडूंची संख्या मुख्याध्यापकाने सही करून कळवायची, प्रशिक्षकाने नाही. नावं नकोत, मुलांच्या घरची परिस्थिती चव्हाट्यावर आणणारी यादी कोणत्याही सुधारणेने मागू नये. सवलतीचे अर्ज संबंधित नसलेल्या तीन शाळांच्या समितीकडे, पहिल्या फेरीच्या आधी.

जे मतदानाला ठेवायचंच नाही

वर्ल्ड रग्बीच्या १९ वर्षांखालील नियमांनुसार प्रत्येक भाग ३५ मिनिटांचा, जादा वेळ नाही, स्क्रम (दोन्ही संघांच्या पुढच्या खेळाडूंनी एकमेकांत अडकून केलेली रेटारेटी) दीड मीटरपेक्षा पुढे ढकलायचा नाही. २२ खेळाडूंची यादी दिली तर त्यांत किमान सहा जण फ्रंट रोत (स्क्रमच्या पहिल्या रांगेत) खेळू शकणारे हवेत. छोट्या शाळांची खरी पंचाईत या सहाव्या मुलाशी असते. तो नाही म्हणून दुसऱ्या रांगेतल्या लॉकला पहिल्या रांगेत प्रॉपच्या जागी उभं करू नका. यादी २१ ची करा.

ऑस्ट्रेलियात २०२४ पासून शालेय स्तरावरही टॅकल उरोस्थीखाली (छातीच्या मधल्या हाडाखाली) करण्याचा प्रयोग सुरू झाला. त्याच वर्षीच्या ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टच्या मार्गदर्शनात कन्कशननंतर (मेंदूला धक्का बसल्यानंतर) संपर्काच्या सरावाआधी १४ दिवस लक्षणांशिवाय आणि स्पर्धेत परतायला किमान २१ दिवस सांगितले आहेत. शनिवारी मार लागला तर २१ वा दिवस तिसऱ्या शनिवारी येतो. लक्षणं पाच दिवस राहिली तर १९ व्या दिवसाआधी संपर्काचा सराव नाही, म्हणजे तो शनिवारही सहसा जातो. आठ फेऱ्यांत तीन सामने. दडपण इथूनच येतं, म्हणून डॉक्टरचं पत्र प्रशिक्षकाकडे नाही, स्पर्धेच्या कार्यालयात जायला हवं.

वॉर्म-अपसाठी वर्ल्ड रग्बीचा अ‍ॅक्टिव्हेट कार्यक्रम घ्या. इंग्लंडच्या ४० स्वतंत्र शाळांतल्या चाचणीत आठवड्यातून किमान तीनदा तो करणाऱ्या संघांत सामन्यांतल्या दुखापती ७२ टक्के आणि कन्कशन ५९ टक्के कमी दिसले. ‘तीनदा’ हा शब्द नियमात घाला. फक्त शनिवारी केला तर ते फळ मिळत नाही.

मांडणी आणि मत

प्रस्ताव चार पानांत बसवा: एक पान तक्ता, एक ड्रॉ, एक पात्रता, एक खर्च आणि मैदानं. मुदत दोन मोसमांची ठेवा आणि ठराव नव्याने मंजूर झाला नाही तर तो आपोआप संपेल असं कलम घाला. बदलाला घाबरणाऱ्या मुख्याध्यापकाला हात वर करणं त्याने सोपं जातं. ड्रॉ आणि पात्रता यांवर स्वतंत्र मतदान घ्या. दोन्ही एकत्र बांधले तर शिष्यवृत्तीवरून चिडलेली शाळा वेळापत्रकही पाडते. दुसऱ्या मोसमाच्या शेवटी तोच तक्ता पुन्हा भरा, त्याच दोन आकड्यांसह, आणि १५ बी व १६ सी चे संघ पहिल्या वर्षीइतकेच उरलेत का हेही मोजा.