शाळेच्या मैदानावर बारापासॉरस आखताना

बारापासॉरस हा डायनासॉर केवढा होता, हे फळ्यावर समजत नाही. म्हणून दरवर्षी मी सातवीच्या मुलांना मैदानावर नेते. चुन्याची फक्की, सुतळी आणि मोजपट्टी एवढंच लागतं.

आधी त्याच्या लांबीएवढी, म्हणजे 14 मीटरची सुतळी सरळ ताणून चार-चार पावलांवर खडे ठेवा. कबड्डीचं मैदान 13 मीटर लांब असतं, म्हणजे जनावर त्याच्याही बाहेर जातं! माझ्या अंदाजाने मी 6 मीटर शेपटीला देते. शेपटी जमिनीवर घासत नेऊ नका, पाठीच्या रेषेत उचललेली ठेवा.

मग पाय. चारही खांबासारखे सरळ काढा, पालीसारखे बाजूला फाकलेले नकोत. मांडीचं हाड सुमारे 1.7 मीटर, म्हणजे माझ्याहून उंच. 'बडा पा' म्हणजे मोठा पाय, त्यावरून बारापासॉरस हे नाव आलं. शास्त्रीय नावातलं पुढचं 'टागोराय' रवींद्रनाथ टागोरांसाठी. एका मुलीला मांडीच्या रेषेशेजारी झोपवून बघा, ती गुडघ्यापर्यंतही पुरत नाही.

डोकं मात्र ठिपक्यांनी काढा. कवटी सापडलेली नाही, थोडे दात मिळालेत, चमच्यासारखे, कडा दातेरी. पाला ओरबाडायला तेच उपयोगी.

शेवटी पोटात मुलांना बसवा. ही हाडं प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातली, 1975 साली या प्राण्याचं शास्त्रीय वर्णन झालं. ती ज्या खडकांत सापडली, ते कोटा थराचे खडक आपल्या गडचिरोलीतल्या सिरोंच्यातही आहेत, हे तिथेच बसून सांगा. सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे.