पांदण रस्त्यातला घोटाळा पेपरात कसा आणावा

सुरुवात मे महिन्यातच करा. पांदण रस्त्यावरचा, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या वाटेवरचा, मुरूम मृगाच्या पहिल्या दोन-चार पावसांत काळ्या मातीत गडप होतो. मग ‘टाकला होता, वाहून गेला’ या उत्तरापुढे अख्खं गाव गप्प बसतं. म्हणून त्याआधीच चौघं मिळून टेप घेऊन जा. लांबी-रुंदी मोजा, ठिकठिकाणी कडेला उकरून थराची जाडी पाहा, तारखेसह फोटो काढा.

हिशेब असा: 100 घनफूट म्हणजे 1 ब्रास. 1 किलोमीटर लांब, 10 फूट रुंद रस्त्यावर 6 इंचांचा थर म्हणजे सुमारे 164 ब्रास मुरूम. थर 3 इंचच भरला, तर 82. दबाईनं जाडी थोडी घटते, तेवढी सूट द्या. पण ती निम्म्यावर येत नाही.

आता कागद. माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात लिहून 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द चालतात. तेव्हा ‘भ्रष्टाचार झाला का’ असं विचारण्यात शब्द घालवू नका. रस्त्याचं नाव आणि वर्ष लिहून अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, देयकं आणि मोजमाप पुस्तिकेची पानं मागा. खरी मेख या पुस्तिकेत असते: कुणी, कोणत्या तारखेला, किती ब्रास मोजले, ते तिथं सहीनिशी असतं. पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. आपल्या विदर्भातलं दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर किंवा अमरावती खंडपीठाकडे जातं. तिथं तारीख लागायला फार वेळ जातो.

तोवर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. बोभाटा झाला की रातोरात चार ट्रॉल्या मुरूम पडतो आणि तुमचं मोजमाप खोटं ठरतं.

कागद हाती आले की तालुक्याच्या वार्ताहराला भेटा. त्याची अडचण समजून घ्या. मानधन तुटपुंजं, वर जाहिराती आणायची जबाबदारी, आणि वाढदिवसाच्या जाहिराती देणारे पुढारी तेच. तोंडी तक्रारीवर तो बातमी लावणार नाही, आणि लावूही नये. त्याला एका पानावर लिहून द्या: कागदावर 164, जमिनीवर 82. कुणाला चोर म्हणू नका. बदनामीच्या दाव्यात हे आकडेच तुम्हाला तारतील. सरपंच आणि अभियंत्याची बाजूही घ्यायला सांगा, म्हणजे बातमी टिकते. एकानं दाबली, तर दुसऱ्या पेपरकडे जा.

1983 मध्ये 372 कोटींचा असलेला गोसीखुर्द धरणाचा प्रकल्प हजारो कोटींवर गेला, आणि शेतकरी पाण्याची वाट पाहत राहिला. 2012 मध्ये विदर्भातल्या सिंचनाचा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला, तेव्हाही कामांच्या किमती आणि निविदांचे कागदच बोलत होते. आपला रस्ता लहान आहे, पण त्यावरून कापसाची गाडी घरी यायची आहे.

बातमी छापून आली की कात्रण आणि मोजमाप जोडून जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे तक्रार द्या, आवक क्रमांक घ्या. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत चौकशीचा ठराव मांडा. तो इतिवृत्तात लिहिला गेला की नाही, ते सभेतून उठण्याआधी वाचून घ्या.